राखीव कोपरा

इस्पितळात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला पंचनामे म्हणत, जणू आडनावच. एखादं संगणकयंत्र बंद पडलं की बाकीचे तंत्रज्ञ ते चालू करून मोकळे होत. हा मात्र आडवा यायचा. "थांबा हो, कशानं मेलं ते तरी बघू द्या."

त्याची सगळी भिस्त एका राखीव कोपऱ्यावर. यंत्राच्या मेमरीतला थोडा भाग तो कायम बाजूला काढून ठेवी. यंत्राचा मूळ कारभारी, म्हणजे कर्नल, कोसळला की त्या कोपऱ्यात दडलेला दुसरा, हडकुळा कर्नल उठतो. मेलेल्याच्या डोक्यात त्या क्षणी जे काही होतं ते सगळं एका फाईलमध्ये उतरवून घेतो, आणि मगच यंत्र नव्यानं चालू करतो.

"म्हणजे घरातलं कुणी मरेल म्हणून एक माणूस बसवून पोसायचा," मोठे डॉक्टर एकदा म्हणाले होते. पंचनामेही हसला होता.

त्याची वहिनी तिथेच अतिदक्षता विभागात नर्स. हा सात वर्षांचा पोरका असताना ती लग्न होऊन घरात आली आणि तिनंच त्याला वाढवला. भाऊ गेल्यावर घरात दोघंच उरली. ती त्याला अजून धाकट्या म्हणे, आणि बेचाळिशीतला हा धाकट्या संध्याकाळी तिच्यासमोर ताट घेऊन बसे. ती पुढ्यात बसून विचारी, "आज कोण मेलं तुझं?"

सात आठवड्यांपूर्वी ते विचारणं थांबलं. त्या दुपारी वहिनीच्या टेबलाखालचं यंत्र बंद पडून पुन्हा चालू झालं. नऊ खोल्यांतल्या रोग्यांची नाडी आणि श्वास त्याच्याच पडद्यावर दिसायचा, धोक्याची घंटाही त्याच टेबलावर वाजायची. पडदा चार मिनिटं काळा होता. तेवढ्यात सहा नंबरच्या खोलीतला शिक्षक गेला.

चौकशी समितीचा हिशेब सरळ होता. यंत्र आपणहून कोसळलं असतं तर पंचनाम्याची फाईल पडली असती. फाईल नाही, म्हणजे कुणीतरी बटण दाबलं. यंत्र रेंगाळलं की नर्सा बटण दाबून मोकळ्या होतात हे सगळ्यांना ठाऊक, आणि टेबलावर वहिनी एकटीच होती.

"मी हातसुद्धा लावला नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

फाईल का नाही, हे एकाच माणसाला माहीत होतं. त्या दुपारच्या आधी, यंत्र रखडतं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत झापलं, तेव्हा पंचनाम्यानंच चिडून तो कोपरा मोडला होता आणि सगळी मेमरी यंत्राला देऊन टाकली होती. नोंद कुठेच केली नाही. शिक्षक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कोपरा गुपचूप परत राखून ठेवला, आणि तोंड शिवून वाट बघत बसला. यंत्र पुन्हा कोसळेल, फाईल पडेल, खोट यंत्रातच आहे हे दिसेल, वहिनी सुटेल आणि आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील. माणसांवर नजर ठेवणारं यंत्र मरावं, असं रोज मनात घेऊन तो कामावर येत होता.

निकालाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला ते कोसळलं.

तो धावत गेला. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे हळूहळू चढत होते. खोल्यांची दारं बंद, आत खाटेजवळच्या घंटांची किणकिण बाहेर ऐकू येत नाही. दोन नर्सा नऊ दारांवर नुसत्या पळत होत्या.

"अहो, चालू करा ना आधी!" एक ओरडली.

"फाईल पडतेय. बटणाला कुणी हात लावायचा नाही." तो टेबलाखाली शिरून यंत्राला पाठ लावून बसला.

एकतीस टक्के. मोठे डॉक्टर आले. "पंचनामे, सरक तिथून."

"दहा मिनिटं, साहेब. पाया पडतो."

चौकशी लागल्यापासून वहिनीला टेबलावर बसू देत नसत, चादरींच्या कपाटावर नेमलं होतं. हातातल्या चादरी तशाच टाकून ती आली.

"वहिनी, तुझ्याचसाठी थांबलोय. एवढी फाईल पडली की सुटलीस तू."

"अजून किती?"

"नऊ मिनिटं."

"आणि बटण दाबलं तर?"

तो यंत्राला आणखी चिकटून बसला.

"धाकट्या, तुला विचारतेय."

"चार."

लहानपणी दारात हट्ट धरून बसला की ती उठवायची, तसंच तिनं दंड धरून त्याला बाजूला केलं आणि अंगठा बटणावर दाबून धरला. सगळ्यांच्या देखत. चव्वेचाळीस टक्क्यांवर पडदा विझला.

चार मिनिटांनी उजळला तो तीन नंबरची खोली लाल दाखवतच. सगळ्यांच्या आधी वहिनी पळाली. आतली म्हातारी थोडक्यात वाचली.

"बघितलंत?" डॉक्टर नर्सांना म्हणाले. "हाताला सवय आहे. उद्या समितीपुढे हेच सांगावं लागणार."

पंचनामे अजून जमिनीवरच होता. यंत्राच्या शेवटच्या चार ओळी तेवढ्या डिस्कवर उतरल्या होत्या, पण त्या आजच्या मरणाच्या. त्या दुपारबद्दल बोलू शकेल असं आता एकच तोंड उरलं होतं.

"साहेब," तो उठला, "त्या दिवशी फाईल पडणारच नव्हती. कोपरा मी मोडला होता. तुम्ही झापलंत, त्याच संध्याकाळी. यंत्र कशानंही मेलं असतं तरी फाईल नसतीच. तेव्हा फाईल नाही म्हणून वहिनीनं बटण दाबलं, असं म्हणता येत नाही."

"आणि हे आज सांगतोस?"

तीन नंबरच्या दारात वहिनी उभी होती. हातमोजे तसेच. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सात आठवडे," ती म्हणाली, "रोज माझ्या हातचं जेवत होतास रे."

मग कुणीतरी आतून हाक मारली आणि ती वळून आत गेली.

वहिनीवरचा ठपका निघाला, पंचनाम्याची नोकरी गेली. यंत्र त्या दुपारी नेमकं कशानं मेलं, ते शिक्षकाच्या बायकोला कुणीच सांगू शकलं नाही. ती दोनदा येऊन विचारून गेली.

वहिनी अजून रोज त्याचं ताट वाढते. ताट ठेवते, तांब्या ठेवते आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेते.