सरळ केलेल्या पायऱ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

शारजाबाहेर एक व्हिला कंपाऊंड आहे. नाव काय, तर म्हणे ‘इंग्लिश व्हिलेज’! वाळूत इंग्लंड — एकेकाची थेरं! चौकात तिकडच्या कुठल्याशा खेड्यातला, जुन्या बाजारातला दगडी क्रूस हवा होता. गोल पायऱ्या, उंच खांब, वर क्रूस. आपला अर्थात सिमेंटचा. काम आमच्या उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीत, आणि इंजिनिअर कोण? मी.

साचे करायचा सदाशिव, साताऱ्याकडचा. क्लायंटनं दिलेल्या फोटोतल्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या — शेकडो वर्षं माणसं चढलेली, बसलेली. त्यानं तशाच घडवल्या, हुबेहूब. मी ओरडलो. वीस वर्षं बिल्डिंगा हँडओव्हर केलेला मी. वाकडी पायरी म्हणजे डिफेक्ट, एवढीच अक्कल!

“साहेब, फोटोत तर...”

“मला फोटो शिकवतोस? सरळ कर, यल्ला!”

त्यानं केल्या.

क्लायंट बघून भडकला. त्याला तर ती झीजच हवी होती. मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, हे डोकं कुणाचं? आणि मी — किती सहज निघालं तोंडातून! — म्हणालो, “सदाशिवनं परस्पर केलं.”

खलास. त्याचा व्हिसा कॅन्सल. त्याची बायको तीनच आठवड्यांपूर्वी आली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदा एका घरात. नवा कुकर आणला म्हणून मला जेवायला बोलावलं होतं. मी दोनदा भात मागून घेतला होता. लाज? ती कुठे होती तेव्हा!

इथवर नुसता भित्रा होतो. पण जायच्या आधी तो विचारायला आला — साहेब, तुम्ही सांगितलंत ना त्यांना, की तुमच्याच सांगण्यावरून केलं?

“सांगितलं रे. खूप भांडलो. ऐकतच नाहीत.”

त्यानं माझे दोन्ही हात धरले. तुमची नोकरी राहिली हे बरं झालं म्हणाला. उलट मलाच धीर देत होता, आणि मी तो घेत उभा होतो.

पायऱ्या मग दुसऱ्यानं केल्या, झिजलेल्या. परवा मुलगी त्यांवर बसली. “बाबा, इट्स सो ओल्ड!” म्हणाली. मी तिचा फोटो काढला.

दर दिवाळीला सदाशिवचा मेसेज येतो — साहेब, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, विसरणार नाही.

मी अंगठा पाठवतो.