‘माझ्याबद्दल’चं पान

माझे बाबा पाट्या रंगवतात. पूर्वी वालीवच्या गाळ्यांवरचे बोर्ड आणि अर्नाळ्याच्या होड्यांवरची नावं, दोन्ही त्यांच्याकडे असायचं. फ्लेक्स आले तशी गाळ्यांची कामं गेली, होड्या तेवढ्या राहिल्या. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. नोकरी सोडून स्वतंत्र कामं घ्यायचं ठरवलं, तेव्हा आधी स्वतःची वेबसाइट करायला बसले.

आचोळ्याच्या आमच्या घरात महिनाभर तेच चाललं होतं. दोनच फॉन्ट, एकच गडद निळा रंग, बाकी पांढरी मोकळी जागा. सगळे फोटो एका छटेत आणले, म्हणजे वेगवेगळी कामंही एका हातची वाटतात. मजकूर बारीक आणि फिका राखाडी ठेवला. तसा तो उंची दिसतो, असं माझं मत.

बाबा मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "अक्षरं जरा काळी कर. दिसत नाय."

"बाबा, हा गाळ्यावरचा बोर्ड नाही."

समोर बसलेली माझी मैत्रीण हसली, म्हणून मीही हसले.

वेबसाइट सुरू झाली त्या रविवारी आत्या आली होती. "थांब, तुला वाचून दाखवतो," म्हणत बाबांनी माझा फोन घेतला, चष्मा लावला आणि खिडकीपाशी जाऊन ‘माझ्याबद्दल’चं पान मोठ्याने वाचू लागले. "अक्षरांची मला लहानपणापासून ओढ. हे सगळं मी..." तिथे अडले. फोन लांब धरला, जवळ आणला. "पुढे काय गं? पुसट आहे."

पुढचं मला पाठ होतं. फोन हातात घेतल्यावर काहीतरी दुसरंच वाचावं असं मनात आलं, पण आत्या खांद्यावरून बघत होती. मी वाचलं, "हे सगळं मी कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच शिकले."

सातवीत असल्यापासून मी सुट्टीत बाबांबरोबर जायचे. खडू चोळलेला दोरा ताणून रेघ कशी मारायची, दोन अक्षरांमधली जागा पट्टीने न मोजता डोळ्याने कशी ठरवायची, हे त्यांनी हात धरून शिकवलं. "दोन रंग पुरे. तिसरा मालकाच्या हौसेचा," असं ते म्हणायचे. पण मोठ्या कंपन्यांना पेंटरची मुलगी कशी वाटेल, या भीतीने मी ते वाक्य लिहिलं होतं.

आत्या म्हणाली, "असं कसं? हिला तर तूच..."

"कॉम्प्युटरचं म्हनते ती," बाबांनी तिला मधेच तोडलं. "त्यातलं मला काय येतं?"

मला वाचवायला ते बोलले, हे तिघांनाही कळलं. मग ब्रश धुतो म्हणून ते मोरीत गेले. ब्रश सकाळीच धुऊन झाले होते. मान वर करून आत्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारीच मी वाक्य बदललं: ‘अक्षरं मी वडिलांकडून शिकले. ते पाट्या रंगवतात.’ मजकूरही काळा केला. पान आधीपेक्षा खरंच चांगलं दिसायला लागलं, आणि त्याचीही लाज वाटली.

बाबांना ते दाखवायला मला आठ दिवस लागले. त्यांनी सावकाश वाचलं. "आता दिसतं," म्हणाले. मग एका जागी बोट ठेवलं, "पन इथे ओळींमधली जागा जास्त झाली."

मी त्यांच्यासमोरच ती कमी केली. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात अर्नाळ्याहून त्यांना फोन आला, आणि रंगाचे डबे घेऊन ते होडीच्या कामाला निघाले.