उजवी पाकळी

पाकळी उजवी पडली. म्हणजे पाय कापायचा.

वॉर्डाच्या खिडकीत नारळ उभा केलेला होता, त्याच्या दोन बाजूंना गुलाबाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या, आणि मागे खाटेवर आमच्या शेजारचे भाऊजी तापात बरळत होते. वर्कशॉपात त्यांच्या पायावर लोखंड पडलं होतं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की विष वर चढतंय. पाय गुडघ्यापासून काढला तर माणूस बहुतेक वाचेल, ठेवला तर भरवसा नाही, दुपारपर्यंत काय ते सांगा. त्यांच्या बायकोने, वहिनीने, नारळाला हात जोडले, पडलेली पाकळी पदराच्या गाठीत बांधली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली. सुटली बाई, असं मला वाटलं. मला तिचा हेवा वाटला.

हेवा काही त्या दिवशीचा नव्हता. जयपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमची भिंत एक होती. ती मालवणकडची, आम्ही वर्धेकडचे. सगळी कॉलनी तिला कौलवाली म्हणायची, कारण ती देवाला विचारल्याशिवाय काही करत नसे. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कूलर घ्यावा का, मुलीला इंग्रजी शाळेत घालावं का, सासूला गावाहून बोलवावं का, सगळं नारळापुढे. मारवाडी बायकासुद्धा दारात यायच्या, भाभीजी, हमारा भी पूछ लो ना. ती त्यांचंही विचारून द्यायची.

मी तिची थट्टा करायची. "पंखा बंद कर आधी, नाहीतर निकाल पंख्याचा," म्हणायची. ती खरंच पंखा बंद करायची आणि घामाघूम होऊन बसायची. म्हणायची, "गावाक देव तासभर विचार करता गे. हयसर उन्हान पाकळी लगेच सुकता, मतलब त्याका पण घाई." आणि स्वतःच हसायची. कौल झाला की पदर तोंडावर घेऊन दुपारची गाढ झोपायची. तिचं घोरणं भिंतीतून ऐकू यायचं. मला ते सहन व्हायचं नाही.

कारण मला झोप नव्हती. आमच्या घरात बुद्धाची एक तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, बस. बुद्धाला काही विचारायचं नसतं. माझा बाप सांगायचा, आपलं आपण ठरवायचं, कोणावर ढकलायचं नाही. ऐकायला चांगलं आहे. पण याच इस्पितळात, त्याच्या दोन वर्षं आधी, माझ्या माणसाच्या पोटाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टरांनी मला विचारलं. मी चौथी शिकलेली. ते म्हणाले करायला पाहिजे, मी सही केली. तो टेबलावरून उठला नाही. त्याच्या जागी मला नोकरी लागली, स्टेशनच्या जनाना वेटिंग रूममध्ये आया म्हणून. लोक म्हणायचे, तुझं नशीब. माझ्या धर्मात नशीबही नाही. जे केलं ते मी केलं. कौलवालीचं काही बिघडलं तर ती म्हणायची, त्याने सांगितलं होतं. मी कोणाचं नाव घेणार?

तर ती डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली. मी विचारलं, कधी नेणार आत? ती म्हणाली, नेत नाहीत. मी पाय ठेवायला सांगितलंय.

मला वाटलं हिचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पाकळी उजवी पडली, मी डोळ्यांनी पाहिली."

"उजवीच पडली."

"मग काहून नाही म्हणाली?"

"देवान काप म्हटल्यान. मी नाय म्हटलं."

"मग विचारायचं कशाला व माय?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काही खुळ्यासारखं विचारलंय. मग म्हणाली, "तुझा आपला काहीतरी. कोणी काय सांगल्याशिवाय 'नाय' म्हणूचा तरी कोणाक?"

मी बाकावर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती देवाची बाहुली आहे आणि मी मोकळी आहे. मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणता येतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मोठा माणूस सांगतो, आपण मान हलवतो. आणि ही बाई रोज देवासमोर बसून, त्याच्याशी इतकी ओळख वाढवून बसली होती की वेळ आली तेव्हा त्याला तोंडावर नकार देऊन आली. कॉलनीत कोणी विचारलं तर सांगायची, "तो रागावलो असतलो. रागावतलो आणि गप बसतलो." दुसऱ्याच आठवड्यात नारळ परत खिडकीत होता. भांडण झालेल्या सख्ख्या माणसाशी बोलावं तशी ती त्याच्याशी बोलत होती.

आधी मला तिच्या झोपेचा हेवा होता. त्यानंतर या भांडणाचा वाटू लागला, आणि तो जास्त जाळायचा. माझा बाप खोटं बोलला नाही. मी आजही नारळ ठेवत नाही, ठेवणारही नाही. पण ज्याला नाही म्हणावं असं मला कोणी दिलं नव्हतं, हे खरं आहे.

पुढे त्यांची बदली रतलामला झाली. सामान ट्रकवर चढल्यावर ती मला म्हणाली, ताई, तुझ्यासाठी विचारू काही? मी म्हटलं, नको. ती म्हणाली, बघ, आलं की तुला नाही म्हणायला.

भाऊजींचा ताप उतरायला तेव्हा महिना गेला होता. पाय वाकडा राहिला, पण ते पायांवर चालत त्या इस्पितळातून बाहेर आले. माझा माणूस आला नव्हता.