पावाच्या गाडीचा रेडिएटर

छप्पन्न सालच्या जानेवारीत मी पठाणकोटहून वार्षिक रजेवर करी रोडला, आमच्या चाळीत आलो होतो. फौजेत मी नाईक, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग संध्याकाळपर्यंत ट्रक आणि जीपच्या खाली. आमचे सुभेदार एवढंच सांगत, "कॉन्व्हॉय थांबता कामा नये. आधी गाडी पोचव, पक्कं काम मागाहून."

रजेच्या दुसऱ्याच आठवड्यात मुंबई पेटली. मुंबईसह महाराष्ट्र मागणारं अख्खं गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबार सुरू झाला. माझा शेजारी दत्ताराम एका बेकरीची व्हॅन चालवायचा. पाव पोचवणं बंद पडलं, तेव्हा मालकाला विचारून त्याच व्हॅनमधून तो जखमींना परळच्या इस्पितळात नेऊ लागला.

"येतोस काय रे?" त्याने विचारलं.

फौजी माणसाने मोर्चात जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. जखमी उचलणं वेगळं. मी गेलो.

दुपारी लालबागच्या नाक्यावर एक भिरभिरता दगड व्हॅनची जाळी फोडून आत घुसला. बॉनेटमधून वाफ उसळली. दत्तारामने गाडी कडेला घेतली. मागे पाव ठेवायच्या फळीवर नायगावचा एक गिरणी कामगार होता. मांडीत गोळी. मी बेल्ट आवळून बांधला होता, तरी रक्त झिरपत होतं.

पोलिसांचा जमादार धावत आला. "गाडी हटवा!"

"आत जखमी आहे. रेडिएटर फुटलाय."

"तू कोण?"

"नाईक तावडे. रजेवर आहे, साहेब."

त्याने मागे डोकावून पाहिलं. "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"लवकर कर," म्हणाला आणि शिपायांना घेऊन पलीकडे गेला.

रेडिएटरची वरची पितळी टाकी सांध्यावर बोटभर चिरली होती. डाग द्यायला ना कथील होतं ना वेळ. समोरच्या चाळीकडे पाहून मी ओरडलो, "धुण्याचा साबण! सायकलची जुनी ट्यूब! पाणी!" सगळ्या खिडक्या बंद होत्या. मग एक उघडली, मग दुसरी. अश्रुधुराने डोळे चुरचुरत असताना बायका पदर नाकाला लावून कळश्या घेऊन खाली आल्या.

साबण चिंध्यांच्या दोऱ्यांत मळून चिरेत दाबला. त्यावर ट्यूबची पट्टी ठेवून तारेने आवळली. वाफेचा दाब चढून साबण उडू नये म्हणून टाकीचं झाकण सैल ठेवलं. तापलेल्या इंजिनात एकदम पाणी ओतलं तर ब्लॉक तडकतो, म्हणून इंजिन चालू ठेवून हळूहळू भरलं. थेंब गळायचा थांबला.

"चल," मी म्हणालो. बायकांनी व्हॅन ढकलून वळवून दिली.

इस्पितळात डॉक्टरांनी जखमीला लगेच आत घेतलं. माणसं कमी होती. त्यांनी मला स्ट्रेचर उचलायला थांबवून घेतलं.

"मी आणखी दोघांना घेऊन येतो," दत्ताराम म्हणाला.

"पाणी बघत राहा. वेग धरू नकोस."

"हो रे, हवालदार!" तो हसला. मला एक रँक जास्तच दिली त्याने.

तो आला. व्हॅन दारात नीट लावली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. उतरला मात्र नाही. मी दार उघडलं. जखमी उचलताना त्याच्या बरगडीखाली गोळी लागली होती. तशा अवस्थेत त्याने गाडी आणली होती. मागच्या दोघांना आम्ही आधी आत नेलं. तोच म्हणाला तसं. दिवेलागणीच्या आत तो गेला.

रजा संपायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या आईला भेटलो. तिनेच विचारलं, "ते दोघे वाचले मां रे?"

"वाचले, काकी. दोघेही."

"मगे माझ्या झिलान काम पुरा केल्यान," ती म्हणाली, आणि ताठ बसून राहिली.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली. चांगले साथी गमावले. नव्या मुलांना शहिदांची नावं सांगताना मी दत्तारामपासून सुरुवात करतो. कोणत्या पलटणीचा, असं ती विचारतात. मी सांगतो, करी रोडचा.