हवेची लाइन आणि आखाजीचा मुराळी

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो, म्हणजे बाप किंवा भाऊ. त्या वर्षी नाना, माझे वडील, रावेरहून जळगावला आले ते सणाच्या चांगले आठवडाभर आधी, आणि खांद्यावर पीव्हीसी पाइपांची मोळी घेऊन. केळीच्या मळ्यात उरलेले पाइप. आईने त्यांना बजावून पाठवलं होतं की मोपेड घेऊन या, तिच्यासोबत लेक आली तर तीही चालेल.

मोपेड आईची. अंगणवाडीत होती तोवर ती त्या मोपेडवर गावोगाव हिंडली. मग ती निवृत्त झाली, मोपेड गंजली आणि आईचं बाहेर पडणंच थांबलं. कुठे जायचं तर कुणाला तरी ‘सोडतोस का रे’ म्हणावं लागे, आणि ते शब्द काही तिच्या तोंडून निघत नसत. घरात बसून ती चिडचिडी झाली होती. मला ते बघवेना, म्हणून दिवाळीत मी मोपेड टेम्पोत घालून जळगावला आणली. इंजिन माझ्या हातून सुधारलं, रंग तेवढा राहिला होता.

घराखालचं गॅरेज हे माझं वर्कशॉप. आमची गाडी बाहेर उन्हात उभी असते. त्याबद्दल नवऱ्याने बोलणं सोडून दिलंय. रंग फवारायचा कॉम्प्रेसर आत चालू केला की शेजारच्या बाई वरून ताट वाजवायच्या. म्हणून तो मागच्या ओट्यावर ठेवायचा आणि तिथून भिंतीवरून हवेची पक्की लाइन आत आणायची, असं मी ठरवलं होतं. नाना आले आणि लाइन त्यांची झाली. उभं आयुष्य त्यांनी ठिबकच्या नळ्या अंथरल्या. माझी बारा-पंधरा फुटांची भिंत म्हणजे त्यांना वाफाच वाटला.

त्यांच्या पीव्हीसीला हार्डवेअरवाल्याने मोडता घातला. पाण्याचा पाइप फुटला तर माणूस भिजतो, हवेचा फुटला तर तुकडे सुरीसारखे उडतात, असं तो म्हणाला. नाना थोडे हिरमुसले, पण लोखंडी पाइपांना आटे पाडून मिळतात हे कळल्यावर पुन्हा रंगात आले. मग बाप एका स्टुलावर आणि लेक दुसऱ्यावर. पाइपाला उतार हवाच, हा त्यांचा हट्ट. रंगाच्या गनसाठी नळी काढायची तीही पाइपाच्या पोटातून, खालच्या बाजूने. पाण्याची लाइन तशीच काढतात, आणि आमच्या दोघांच्या डोक्यात पाइप म्हटलं की पाणीच.

लाइन हवेने भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावायची वेळ आली. बुडबुडा आला की तिथे गळती. नानांनी बादलीत अर्धा पुडा निरमा ओतला आणि ब्रश भिंतीला चुना द्यावा तसा फिरवला. क्षणात सगळी लाइन फेसाळली. कोणता बुडबुडा हवेचा आणि कोणता नानांचा, काही कळेना. एक भला मोठा फुगा टीच्या जोडावर फुगत गेला, फुगतच गेला आणि त्यांच्या मिशीवर फुटला. मी हसून हसून स्टुलावरून खाली उतरले, कारण पडले असते. नाना मिशीला फेस तसाच ठेवून पुढचा फुगा शोधत होते. मला फार आनंद झाला होता, आणि तो लपवायचं काही कारणही नव्हतं.

जोड घट्ट झाले, रंग कालवला. आईने मोरपंखी सांगितला होता. मी ऐटीत गन धरली, पहिला हात मोपेडच्या पेट्रोलच्या टाकीवर मारला, आणि गन शिंकली. रंगावर पाण्याचे थेंब. पुसलं, पुन्हा मारलं, पुन्हा थेंब. आखाजी तोंडावर आलेली आणि टाकीला देवी आलेल्या. मला रडू यायचं बाकी होतं. नाना गनच्या तोंडाला बोट लावून ओल बघत होते.

“बोरमधी पानी मांगलं तं हवा निंघाली,” ते म्हणाले. “अढी लाइनमधी हवा मांगली तं पानी निंघू राह्यलं.”

आम्ही दोघं खिदळतोय तोच नवरा घामाने निथळत खाली आला आणि हॉलमधला कूलर कुणी नेला म्हणून विचारू लागला. नानांनी नजर चोरली. मी मागे ओट्यावर गेले. कॉम्प्रेसर कूलरच्या पुढ्यात बसून वाळ्याची गार, ओलसर हवा घटाघटा पीत होता. वर त्याच्या अंगावर ओला पंचा.

“तापलं व्हतं ना वं बिच्चारं,” नाना म्हणाले.

त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात आपल्या घरी आलेल्याला कूलरपुढे बसवतात, तसं त्यांनी यंत्राला बसवलं होतं. ते बिचारं ओली हवा ओढून, दाबून, तिचं पाणी करून आमच्याच रंगावर थुंकत होतं. कूलर नवऱ्याकडे परत गेला. पाणी पाइपाच्या तळाशीच राहावं म्हणून गनची नळी आम्ही वरच्या बाजूने काढून खाली वळवली, उताराच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक बसवला आणि टाकी घासून पुन्हा रंगवली. या खेपेला रंग असा बसला की नाना टाकीत बघून भांग पाडायला लागले.

रावेरला केळी भरायला जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमधून आम्ही तिघं निघालो: नाना, मी आणि मोपेड. आई दारातच उभी होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मोपेडभोवती एक फेरी मारली, मडगार्डखाली राहून गेलेला एकुलता एक थेंबाचा डाग हुडकला, पदर खोचला आणि पेडल मारलं. गल्लीच्या टोकाला वळून ती दिसेनाशी झाली. आम्ही वाट बघत उभे राहिलो. नाना तिच्या काळजीने येरझाऱ्या घालायला लागले, आणि मग ती दुसऱ्या टोकाने हॉर्न वाजवत आली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

इंजिन चालूच ठेवून तिने मला मागे बसायची खूण केली. माझ्या लग्नानंतरच्या सगळ्या आखाजींना मला आणायला नाना आले, नाहीतर भाऊ आला. आई दारात उभी राहून वाट बघायची, एवढंच तिच्या वाट्याला.

“पुढच्या आखाजीले तुले घ्यायले मी येईन,” ती म्हणाली.

मी तिच्या कमरेला मिठी मारली. नानांनी मागून विचारलं, मग मी काय करू?

“तुम्ही कूलरपुढे बसा,” आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.