चिमट्याचा आवाज

अक्षर वाईट आहे, लिहिण्यात चुकाही होतील. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते.

आज चिखलीच्या वर्कशॉपात लोखंडी पीस हातोडीने ठोकून तपासत होते. चांगला पीस टण्ण वाजतो, तडा गेलेला बद्द. एक पीस फार लांबवर वाजत राहिला आणि मला दवाखान्यातली ती सकाळ आठवली.

लहानपणी माझा कान फुटायचा. पुढे त्यातलं इवलंसं हाड झिजलं. दुसरा कान तर आधीच गेलेला. टण्ण आणि बद्द सारखंच वाटू लागलं, तेव्हा मला पीस तपासायच्या टेबलावरून उठवून झाडायला लावलं. ऑपरेशनला वन्संनी पैसे दिले. डॉक्टरबाईंनी तांदळाच्या दाण्याएवढं धातूचं हाड कानात बसवलं.

पट्टी काढली त्या सकाळी त्यांनी कान तपासायचा दोन पात्यांचा लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला. आवाज आत आला, लांबत गेला, थांबेचना.

"ऐकू येतंय?"

"चांगला हाय, मॅडम. कुठं तडा न्हाई."

"अगं, पीस पास करायला आलीस व्हय?" वन्सं हसता हसता रडल्या.

तेव्हा मी लाजेने मान खाली घातली. आता वाटतं, एवढ्याशा दाण्यावरून सगळं जग आत येतं, याहून निराळं काय बोलणार होते?

पुन्हा टेबलावर बसून मिळवलेल्या पगारातून वन्संचे पैसे काल पुरते फिटले. पाठमोऱ्या होऊन त्या पुटपुटल्या, "गुणाची हाय पोर."

मला ऐकू आलं.