भिकन नानांची मोरी

चहा बशीत ओतून उभ्यानेच प्यायचा. गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम तसंच धरून क्षणभर थांबायचं. भाकरीची कड फाटली की इकडेतिकडे बघून ओल्या बोटाने ती सांधून टाकायची. बायकोची वेणी घालताना दार लोटून घ्यायचं. कोणी "कसं काय, नाना?" म्हणून विचारलं की "चालू शे" एवढंच बोलायचं.

भिकन नाना अमळनेर स्टेशनावर जन्मभर रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. नोकरी सुटली आणि त्याच साली सुंदरबाईंची उजवी बाजू लुळी पडली. पोटी मूलबाळ नाही. नानांनी चूल हाती घेतली. गल्ली हसली, मग हसून हसून दमली. पुढच्या खोलीत भाड्याने राहणारा मगन मास्तर नुकताच बी. ए. झालेला, हायस्कुलात मराठी शिकवायचा. तो रोज नानांच्या हातची भाकरी खायचा, आणि हा माणूस थकतो कधी, हेच त्याला कळायचं नाही.

त्या चैत्रात शिंदखेड्याहून झुलालचा निरोप आला. झुलाल हा सुंदरबाईंचा धाकटा भाऊ. "पुरुषाच्या हातचं घर किती दिवस चालायचं? रविवारी येतो. घराचं काही खरं दिसलं नाही, तर अक्काला घेऊन जाईन."

"येऊ दे," नाना म्हणाले. "जेवू दे. घर पाहू दे."

पाहुण्याच्या ताटात कुरडई हवी, म्हणून सुंदरबाईंनी खाटेवरून सांगितलं आणि नानांनी केलं. गहू भिजले, वाटले, चीक शिजला, कुरडया उन्हात पडल्या. सगळं जमलं. फक्त चिकाची पातेली नानांनी मूठमूठ राख लावून मोरीतच घासली आणि सगळं धुवण मोरीतच सोडलं.

रविवारी सकाळी मोरी तुंबली. काळपट पाणी कठड्याला लागलं.

नानांनी उकळतं पाणी आणून ओतलं. पाणी उतरायचं सोडून आणखी चढलं.

"काय ओतं?" खाटेवरून आवाज आला.

"उकयतं पानी."

सुंदरबाई हसायला लागल्या. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसू पुरं होतं. "चीक होता ना तो! आते नळमा शिजी गया. झुलालले तठलीच कुरडई वाढा."

शेजारच्या धुरपदाबाई दारात येऊन गेल्या. नगरपालिकेचा माणूस उद्या येईल, तोवर ताटंवाट्या अंगणात धुवा, म्हणाल्या. "अन् नाना, तुम्ही पाटील. पाटलाच्या माणसानं मोरीत हात घालू नये."

"मोरी मन्ही शे," नाना म्हणाले.

त्यांनी धोतर खोचलं. लोट्याने पाणी उपसून बादली भरली, बाहेर नेऊन ओतली. पुन्हा भरली. मग भोकात हात घातला, पार कोपरापर्यंत. खापराचा नळ भिंतीखाली वळत होता, तिथे बोटं अडली. राख, तेल, चीक, सगळं एक होऊन चुन्यासारखं बसलेलं. नानांनी सिग्नलची जुनी तार काढली, तिच्या टोकाला नारळाची शेंडी करकचून बांधली आणि नळात घातली. फिरवली. ओढली. चिकट काळा गोळा आला. पुन्हा घातली.

"नाना, मी करतो थोडं," मगन म्हणाला.

"तू वरणाकडे पाह्य. करपी जाई."

झुलाल आला तेव्हा नाना मोरीत पालथे पडले होते. पाठीवरची बंडी भिजून चिकटली होती.

"दाजी! हे काय चालवलंय?" झुलाल उंबऱ्यातच थांबला. "काय पाहायचं राहिलं आता? अक्का, आवर तुझं."

नानांनी मान वर केली नाही. खांदा भिंतीला टेकवला, दात आवळले आणि तार सगळ्या अंगाने रेटली. आत काहीतरी सुटलं. मोरीने मोठा घोट घेतला.

"हंडाभर ओता," सुंदरबाई म्हणाल्या.

नानांनी हंडा पालथा केला. सुंदरबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. पाणी कुठेही न अडखळता भिंतीखालून गेलं, बाहेरच्या गटारात पडलं.

"आयकं का, झुलाल?" त्या म्हणाल्या. "हात धू. जेवी ले. माले कोठे जावानं नही."

झुलाल त्याच मोरीवर हात धुवायला बसला. जेवताना त्याने कुरडई दोनदा मागून घेतली. उन्हं उतरल्यावर एकटाच निघाला.

दुसऱ्या दिवशी नानांनी बाहेर भिंतीलगत खड्डा खणला. नळाच्या तोंडाशी विटांची लहान कुंडी बांधायची. राख तिथे बसेल, हाताने उचलता येईल. पुन्हा कोणाला बोट दाखवायला जागा नको. रोज दोन-चार विटा बसत होत्या.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एका दुपारी मगन शाळेतून आला. नाना भिंतीला टेकून बसले होते, थापी हातात. आतून सुंदरबाई हाका मारत होत्या. नाना विसावा घेताहेत असं मगनला वाटलं. तो तसाच पुढे गेला. मग परत आला.

तेरावं झाल्यावर झुलाल अक्काला घेऊन गेला. या वेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत.

कुंडीच्या तीन बाजू उभ्या होत्या. चौथी घालायची राहिली.